आगार एक, माल अनेक : नाशिकरोडपासून हेल्मपर्यंत

#इतिहासधागा

१/ भारताची टपाल तिकिटे एकेकाळी लंडनच्या डी ला रू कंपनीत छापली जात. १९२५ मध्ये नाशिकरोडला भारत प्रतिभूती मुद्रणालय सुरू झाले. पण छपाई हे अर्धेच काम. माल खात्रीने पोहोचवणे हे उरलेले अर्धे. तिकिटे असोत वा मुद्रांक कागद, तेथील केंद्रीय मुद्रांक आगार दोन्ही रवाना करते. एक आगार, अनेक प्रकारचा माल. संगणकविश्वाला हे सूत्र गवसायला बरीच वर्षे लागली.

२/ कंटेनर म्हणजे प्रोग्राम व त्याचे सारे साहित्य असलेली बंद पेटी. पेट्यांचे कोठार म्हणजे रजिस्ट्री. या पेट्या अनेक संगणकांवर चालवणारी कुबरनेटीस प्रणाली गूगलने २०१४ मध्ये खुली केली. परंतु किती प्रती चालवाव्यात, किती मेमरी द्यावी, हे सांगणाऱ्या यामल फायली सुट्याच राहिल्या.

३/ २०१५ मध्ये डेइस कंपनीतील अभियंत्यांनी ‘हेल्म’, म्हणजे सुकाणू, हे साधन घडवले. त्यात या फायलींचा एक गठ्ठा होतो. त्याचे नाव ‘चार्ट’, म्हणजे सागरी नकाशा.

४/ हे गठ्ठे मात्र निराळ्या वेब सर्व्हरवर, एका यादीसह ठेवले जात. कोठारे दोन, म्हणून कुलपे दोन आणि पहारेही दोन.

५/ नोव्हेंबर २०२० मध्ये हेल्मचे ‘स्टेबल’ हे सार्वजनिक भांडार निवृत्त झाले. नवा पत्ता आधीच जाहीर झाला होता; तरीही ज्यांच्या स्क्रिप्टमध्ये जुनाच राहिला, त्यांची कामे अडली.

६/ उत्तर जवळच होते. जून २०१५ मध्ये स्थापन झालेल्या ओपन कंटेनर इनिशिएटिव्हने पेटी व कोठार यांचे सामायिक नियम आखले. रजिस्ट्री आशयाचा अर्थ लावत नाही. ती त्याचा ‘डायजेस्ट’, म्हणजे गणिती ठसा, जपते. मग तेथे चार्ट का नको? हेल्म ३ ने २०१९ मध्ये हा प्रयोग केला. जानेवारी २०२२ मध्ये हेल्म ३.८ ने तो पक्का केला.

७/ टॅग ही चिठ्ठी आहे. उद्या ती दुसऱ्या गठ्ठ्यावर लागू शकते. डायजेस्ट मात्र आशयाला बांधलेला असतो. तो माल तोच असल्याची ग्वाही देतो. पाठवणारा कोण, हे सांगायला स्वाक्षरी लागते. आणि कोठारालाच कुलूप लागले, तर दोन्ही निरुपयोगी. म्हणून एक प्रत आपल्या आगारात असावी.