पाठीचा कणा

(मेरुदंड, पृष्ठवंश). कवटीच्या तळापासून माकडहाडापर्यंत एकावर एक रचलेल्या मणक्यांचा स्तंभ. जन्मतः मणके साधारण 33. खालचे एकमेकांत सांधले गेल्याने प्रौढपणी हाडे 26 उरतात. ‘मणका’ म्हणजे माळेतला मणीही. शब्द चपखल, पण निम्माच. मण्यांतून दोरा ओवावा तसा मज्जारज्जू मणक्यांतून जातो खरा. मात्र ही माळ तो धरून ठेवत नाही. ते काम अस्थिबंधांचे, स्नायूंचे आणि मधल्या 23 गाद्यांचे.

मानेत 7 मणके. जिराफाच्या मानेतही तेवढेच, फक्त लांबुडके. पहिला, ॲटलास, हे नुसते कडे. त्यावर कवटी टेकते आणि होकाराची मान तिथे हलते. दुसऱ्याचा, अक्षाचा, दातासारखा सुळका या कड्यात शिरतो. जात्याची वरची तळी मधल्या खिळीभोवती फिरावी तसे नकार देताना डोके त्याभोवती फिरते. या दोघांमध्ये गादी नसते. मान खाली घातल्यावर मानेच्या मुळाशी बोटाला लागणारा उंचवटा बहुधा सातव्याचा.

छातीमागच्या 12 मणक्यांना बरगड्यांच्या 12 जोड्या जोडलेल्या असतात. मधल्यांची मागची टोके कौलांसारखी खालच्यावर उतरलेली दिसतात.

कमरेचे 5 सर्वांत दणकट, कारण वरचा भार त्यांच्यावर. गादी सरकण्याचा त्रास बहुतेकदा यांतल्या शेवटच्या दोन जागी होतो. ‘मणक्यात गॅप आलाय’ असे सर्रास म्हणतात. प्रत्यक्षात पुष्कळदा गादी झिजून मधली जागा उलट कमी झालेली असते. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशीच संपतो, खाली नसांचा झुबका उरतो. म्हणून सिझेरियनपूर्वी भूलतज्ज्ञ दोन्ही बाजूंच्या कमरेच्या हाडांच्या कडा चाचपतात. त्यांना जोडणारी रेघ साधारण चौथ्या मणक्यावरून जाते, आणि सुई तिथल्या आसपास टोचतात.

त्याखालचे 5 मणके पंचविशीच्या सुमारास जुळून त्रिकास्थी होते. ती कटीच्या दोन हाडांमध्ये पाचरीसारखी बसते. शेवटी माकडहाड, बहुधा 4 चिमुकल्या मणक्यांचे. शेपटीचा हा अवशेष नावातच सांगणारा शब्द ‘अनुत्रिकास्थी’पेक्षा केव्हाही सरस.

नवजात बाळाचा कणा एकाच बाजूला वाकलेला असतो. बाळ मान धरते तेव्हा मानेचा बाक येतो, उभे राहून चालू लागते तेव्हा कमरेचा. दिवसभराच्या भाराने गाद्यांतले पाणी थोडे पिळून निघते आणि उंची सेंटिमीटरभर घटते. रात्री आडवे झाल्यावर गाद्या ते पुन्हा शोषून घेतात.