वऱ्हाडातील जिन आणि ‘हंगामी’ माणूस

१८६७ साली मुंबईहून निघालेला लोहमार्ग नागपूरला पोहोचला आणि वऱ्हाडचा कापूस थेट बंदरावर जाऊ लागला. त्यापूर्वी हाच कापूस बैलांच्या पाठीवरून मिर्झापूरपर्यंत जात असे. अमरावती ही कापसाची मोठी पेठ, पण मुख्य मार्ग तिच्याबाहेरून, बडनेऱ्यावरून गेला. त्यामुळे बडनेरा जंक्शन झाले. या गोष्टी इतिहासाच्या पुस्तकांत सापडतात. किती गठाणी गेल्या, कोणत्या भावाने गेल्या, याचेही आकडे सापडतात. सापडत नाही तो एकच हिशेब. या गठाणी बांधताना माणसे किती झिजली?

कापूस वेचून आला की तो रेच्यावर घालून सरकी वेगळी करायची आणि रुई दाबून गठाण बांधायची. हे काम पावसाळ्यापूर्वी उरकावे लागे. यंत्रात घातलेले भांडवल उरलेले महिने नुसते पडून राहणार, म्हणून चालू महिन्यांत ते रात्रंदिवस फिरले पाहिजे, हा मालकाचा हिशेब. रेच्यांना कापूस भरवण्याचे काम प्रामुख्याने बायांचे. त्यांत महार बायांची संख्या मोठी होती. गावकीत महाराच्या कामाला घड्याळ कधी नव्हतेच. पाटलाचा सांगावा आला की उठायचे. मोबदला म्हणजे बलुत्याचे धान्य. जिनाने रोख मजुरी दिली, आणि रोख मजुरीने गावकीचा फास थोडा सैल झाला, हे नाकारता येणार नाही. पण जिनातही आपल्या माणसाला घड्याळ मिळाले नाही.

हे कसे झाले ते कायद्यातच पाहावे. १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा आला तेव्हा वर्षातून चार महिन्यांपुरते चालणारे कारखाने त्यातून वगळले गेले. पुढे १८८४-८५ मध्ये मुंबई सरकारच्या चौकशी मंडळासमोर खानदेशातील एका जिनाच्या व्यवस्थापकाने साक्ष दिली. खानदेश वऱ्हाडाला लागून आहे. पीक तेच, रेल्वे तीच. मार्च-एप्रिलच्या गर्दीत तेच स्त्री-पुरुष सलग आठ दिवस, रात्रंदिवस राबतात. त्यापुढे ते टिकत नाहीत, मग मुंबईहून दुसरी माणसे आणावी लागतात. इतके राबणारे पुष्कळदा मरतात, असे त्याने सांगितले. हे कोणा कामगार पुढाऱ्याचे आरोप नव्हते. हा कारखाना चालवणाऱ्याचा जबाब होता. १९०८ च्या फॅक्टरी मजूर आयोगालाही जिनांत सतरा-अठरा तासांचे दिवस आढळले.

तरीही १९११ च्या कायद्याने स्त्रियांना रात्रपाळीची बंदी केली, ती जिन-प्रेसमधील स्त्रिया सोडून! १९२२ मध्ये ही सूट गेली. १९३४ च्या कायद्याने कारखान्यांचे दोन वर्ग केले. बारमाही कारखान्यात आठवड्याला ५४ तास, हंगामी कारखान्यात ६०. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मजूरमंत्रिपदाच्या काळात, १९४६ साली, हे तास अनुक्रमे ४८ आणि ५० वर आले. दोहोंतील अंतर सहा तासांवरून दोन तासांवर आले. १९४८ च्या कायद्याने तेही संपवले. म्हणजे ‘हंगामी’ या एका शब्दाला पुसायला सदुसष्ट वर्षे लागली.

हंगामी असतो तो कारखाना. त्यात राबणारे शरीर हंगामी नसते. जिन उन्हाळ्यात बंद होतो. रुईची धूळ भरलेली छाती पावसाळ्यातही खोकत राहते. तो खोकला वस्तीत असतो, हजेरीबुकात नसतो. आई जिनात असली की धाकटे मूल थोरल्या मुलीच्या कडेवर जाते आणि तिची शाळा तिथेच संपते. मुंबईच्या गिरणी कामगार बायांना तर तान्ह्या पोरांना अफूच्या बाळगोळ्या देऊन कामावर जावे लागे. आईची झोप कारखान्याने घेतली, तिची भरपाई पोराने केली. हा खर्च कोणाच्या खतावणीत पडला?

याच वऱ्हाड-खानदेशात मालकांनी ‘पूल’ नावाची पद्धत काढली होती. जिन गरजेपेक्षा जास्त झाले तेव्हा आपसांत करार करून काही जिन बंद ठेवायचे आणि बंद जिनालाही नफ्याचा वाटा द्यायचा. यंत्राला विश्रांतीचे पैसे मिळाले. बाईला विश्रांतीही नाही आणि पैसेही नाहीत. आपल्या समाजात कोणाचा थकवा मोजायचा आणि कोणाचा नाही, हे जातीने आणि भांडवलाने मिळून असे ठरवले.

हा प्रश्न जुना झाला असे कोणी समजू नये. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातील रोजच्या कामाची मर्यादा ९ वरून १२ तासांपर्यंत नेण्याच्या दुरुस्तीला मान्यता दिली. आठवड्याचे ४८ तास कायम राहतील, जादा कामाला कामगाराची लेखी संमती लागेल, असे सांगितले गेले. संमती हा शब्द चांगला आहे. पण ज्या बाईचे वर्षाचे पोट चार महिन्यांच्या मजुरीवर आहे, तिच्या संमतीला नकाराची बाजू असते काय? खानदेशातल्या त्या आठ रात्री जागलेल्या माणसांना साखळदंडांनी कोणी बांधले नव्हते. तीही कागदावर राजीखुशीनेच राबत होती.

बडनेऱ्यावरून गेलेल्या प्रत्येक गठाणीचे वजन झाले. आता आपल्या घराघरांतल्या म्हाताऱ्या बायांना विचारून दुसऱ्या वजनाची नोंद आपणच केली पाहिजे. ज्यांनी तराजू धरला होता, ते ती करणार नाहीत.