दादांचे दहा शेअर आणि परभणीचं पेट्रोल

दिवाळीत परभणीला गेलो होतो. वसमत रोडच्या पंपावर टाकी फुल करून घरी आलो, तर काका ओसरीवर चहा पीत बसलेले. पेट्रोलचा भाव ऐकून म्हणाले, "तुमाला काय रे! दादाकडं ओएनजीसीचे शेअर हैत. मालक लोक तुमी. तुमाला तरी सस्त मिळाया पायजे की!"

सगळे हसले. दादा पण हसले. (दादा म्हणजे माझे वडील, झेडपीच्या शाळेतले रिटायर्ड मास्तर.) मीही हसलो, पण काकांचा प्रश्न काही डोक्यातून जाईना. खरंच, दादा नक्की कशाचे मालक आहेत?

परभणीकराला पेट्रोलचं कौतुक सांगायला नको. सप्टेंबर २०१८ मध्ये पेट्रोलनं नव्वदी ओलांडली तेव्हा आमचं गाव देशभर टीव्हीवर झळकलं होतं. कारण साधं. टँकर येतात मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोंतून, म्हणजे सुमारे तीनशे किलोमीटरवरून. भाडं वाढलं की भाव वाढला. पण ओएनजीसीचा या पंपाशी थेट संबंध नाही. ती जमिनीतून आणि समुद्रातून कच्चं तेल काढते आणि रिफायनऱ्यांना विकते. म्हणजे काका पहिल्याच पायरीवर चुकले. असो.

आता थोडा इतिहास. ओएनजीसी १९५६ साली सुरू झाली ती 'आयोग' म्हणून. पुढे १९५९ च्या कायद्यानं तिला वैधानिक दर्जा मिळाला. १९७४ साली 'सागर सम्राट' जहाजानं मुंबईजवळच्या समुद्रात तेल शोधलं, १९७६ मध्ये बॉम्बे हायमधून उत्पादन सुरू झालं, आणि तरीही या संस्थेचा एकही शेअर अस्तित्वात नव्हता! सरकारी आयोगाचे कसले शेअर? १९९३ मध्ये संसदेनं कायदा करून आयोगाची कंपनी केली, मग शेअर आले.

एक गंमत बघा. समुद्रातलं ते तेल कंपनीचंही नाही. राज्यघटनेच्या कलम २९७ प्रमाणे समुद्राखालची खनिजं केंद्राची. कंपनीला फक्त ते काढायची परवानगी मिळते आणि त्याबदल्यात ती रॉयल्टी वगैरे भरते. म्हणजे दादांच्या नावावर तेलाचा थेंबसुद्धा नाही.

मार्च २००४ मध्ये सरकारनं ओएनजीसीतला आपला १० टक्के हिस्सा बाजारात विकला. भाव ७५० रुपये. सरकारला दहा हजार कोटींहून जास्त मिळाले. तेव्हा मी नुकताच नोकरीला लागलो होतो. दादांचं डिमॅट मीच उघडून दिलं, फॉर्म मीच भरला. दहा शेअर लागले. साडेसात हजारांच्या घरात. पुढे २००६ मध्ये दोनास एक बोनस आला, दहाचे पंधरा झाले. २०११ मध्ये आधी एकाचे दोन तुकडे, मग एकास एक बोनस, म्हणजे साठ. २०१६ मध्ये परत दोनास एक, नव्वद. दादांना वाटलं, नऊपट झालो. तसं नसतं हो! भाकरी तीच, चतकोर जास्त. फक्त आता ७५० ची तुलना आजच्या भावाशी करायची नाही, ७५० भागिले ९, म्हणजे ८३ रुपयांशी करायची.

मग शेअर म्हणजे काय? आपल्याकडच्या शेतीवरून सांगतो. सालगड्याचा पगार, बियाणं, खत, सोसायटीचं व्याज, सगळं देऊन जे उरेल ते शेतमालकाचं. शेअरहोल्डरचंही तसंच. सगळ्यांचं देऊन झाल्यावर जे उरतं, त्यातला वाटा. आणि सभेत एक मत. बस्स.

पण किती उरवायचं हे कोण ठरवतं? खरी गोम इथंच आहे.

समजा सातबाऱ्यावर शंभर आणे आहेत (खरं तर सोळा, पण हिशोबासाठी शंभर धरा). त्यातले ५९ थोरल्या भावाचे. आज सरकारचा ओएनजीसीतला हिस्सा साधारण तेवढाच आहे. त्यात हा थोरला भाऊच तलाठी, तोच बाजार समितीचा सभापती. म्हणजे मालक तोच, सारा घेणारा तोच, आणि माल काय भावानं जायचा हे सांगणाराही तोच.

उदाहरण २०१३-१४ चं. डिझेल, रेशनचं रॉकेल आणि गॅस सिलिंडर कमी भावात विकायला लागायचं, त्याचा तोटा ओएनजीसीसारख्या कंपन्यांनीही उचलायचा, असा त्या काळचा नियम. कच्च्या तेलाचा भाव बॅरलला १०६ डॉलरच्या आसपास होता, सवलत देऊन ओएनजीसीच्या हातात पडले सुमारे ४१. वर्षभरात ५६,३८४ कोटी रुपये असे गेले. त्या वर्षीचा निव्वळ नफा होता २२,०९५ कोटी!

मी कॅल्क्युलेटर काढला. तेव्हा शेअर होते साधारण ८५५ कोटी, म्हणजे शेअरमागे ६६ रुपये. दादांच्या साठ शेअरांमागे ३,९५० च्या आसपास. सगळे काही त्यांना मिळाले नसते, त्यावर कर लागला असता, काही नव्या विहिरींत गेले असते. पण त्या वर्षी डिव्हिडंड आला शेअरमागे साडेनऊ, एकूण ५७० रुपये.

डिझेलचे भाव २०१४ मध्ये मोकळे झाले, कच्चं तेलही उतरलं आणि हा बोजा ओसरला. पण थोरला भाऊ तोच राहिला. जानेवारी २०१८ मध्ये सरकारनं एचपीसीएलमधला आपला ५१.११ टक्के हिस्सा ओएनजीसीला ३६,९१५ कोटींना विकला. थोरल्यानं स्वतःचं दुकान सामाईक शेतालाच विकलं, आणि शेतानं त्यासाठी बरीच रक्कम कर्जाऊ काढली! एरवी एवढा हिस्सा बदलला की लहान शेअरहोल्डरांकडून शेअर विकत घ्यायची ऑफर द्यावी लागते. इथं तीही नव्हती, कारण मालक शेवटी सरकारच. जुलै २०२२ मध्ये तेल महागलं तसा देशी कच्च्या तेलावर जादा कर आला, तो डिसेंबर २०२४ मध्ये रद्द झाला. भाव वाढला की वरची मलई आधी कुणाच्या वाटीत जाते, ते आलं लक्षात?

हे सगळं मी फोनवर दादांना सांगितलं. मला वाटलं, चिडतील. ते शांतपणे म्हणाले, "अरे, पण ते पैसे गेले कुठं? आपल्याच घरच्या सिलिंडरमधी ना? आन् शेतातल्या इंजिनाच्या डिझेलमधी?"

मी गप्प झालो. एका हातानं दादा देत होते, दुसऱ्या हातानं घेत होते. आईच्या एलआयसी पॉलिसीचाही यात हात आहे म्हणा. मार्च २०१२ मध्ये सरकारनं ओएनजीसीचे आणखी ५ टक्के विकले, त्यातले बहुतांश एलआयसीनंच घेतले. ज्याच्या घरात पॉलिसी, तो नकळत यात अडकलाच.

तरी माझा एक मुद्दा राहतोच. गरिबाला स्वस्त रॉकेल द्यायचं हे सरकारचं काम, आणि ते करायलाच पाहिजे. पण ते बजेटमधून दिलं तर संसदेत त्यावर चर्चा होते, आकडा सगळ्यांना दिसतो. कंपनीच्या खिशातून दिलं की शंभरातले ६९ रुपये सरकारच्या हिश्शाचे जातात (तेव्हा तेवढा होता) आणि ३१ रुपये बाकीच्यांचे, न विचारता. २००४ मध्ये शेअर विकताना घेतलेले पैसे मात्र पूर्ण भावाचे होते.

दादा आता ते नव्वद शेअर माझ्या नावावर कर म्हणतात. विकून टाकावेत का, असा विचार मनात आला होता. नाही विकणार. डिव्हिडंड बरा येतो. पण आता हे माहीत आहे की मी तेलाचा मालक नाही, भावाचाही नाही. थोरल्या भावाच्या मर्जीनं जे उरेल, त्यातल्या वाट्याचा मालक आहे. एवढं समजून घेतलं की मग शेअर ठेवा नाहीतर विका, झोप लागते.

काकांना काय सांगू, ते मात्र अजून ठरलेलं नाही. पुढच्या दिवाळीला बघू. पेट्रोल तोवर स्वस्त होणार नाहीच!