मुंबई ते कराची : दीड तासाचं अंतर

माझी दादी परळच्या चाळीत राहायची. तिचा सख्खा भाऊ फाळणीच्या आधी कामासाठी कराचीला गेला आणि तिथलाच झाला. लहानपणी मी तिला विचारायचो, "कराची कुठे आहे?" ती म्हणायची, "बोटीने गेलं की लागते." रत्नागिरीला बोटीने जायचं, तसंच कराचीला. तिच्या हिशेबात कराची परदेशात नव्हतीच.

तिचा हिशेब चुकीचा नव्हता. १८४७ पासून १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यात होता आणि कराचीचा कारभार मुंबईतून चालत असे. सिंधमध्ये शिक्षण खात्याचं काम केलेल्या नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी माणसाचं नाव कराचीतल्या एका शाळेला दिलेलं आहे. १८५५ साली सुरू झालेली ती शाळा आजही उभी आहे. कोकणी मुसलमानांची वस्तीही तिथे आहे.

विमानाचं नातं तर आणखी जवळचं. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा टपालाची पोती घेऊन सकाळी कराचीहून निघाले, वाटेत अहमदाबादला थांबले आणि दुपारी जुहूला उतरले. विमान एका इंजिनाचं, छोटंसं 'पुस मॉथ'. टाटांच्या हवाई टपालसेवेची ही सुरुवात म्हणजे कराचीची पत्रं मुंबईत येण्याची गोष्ट आहे. १९८२ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी, जेआरडींनी तोच प्रवास पुन्हा केला.

आता थोडं गणित करू. मुंबई ते कराची हवाई अंतर सुमारे ८८० किलोमीटर, मुंबई ते दिल्ली साधारण ११५०. म्हणजे आम्हा परळकरांना दिल्लीपेक्षा कराची जवळ. जेट विमानाला दीड तास पुरे. पण आज थेट विमान नाही. दुबईमार्गे जायचं तर आधी एकोणीसशे किलोमीटर पश्चिमेला आणि मग जवळपास बाराशे किलोमीटर मागे. दीड तासाच्या वाटेला अख्खा दिवस जातो, तोही व्हिसा हातात असला तर. व्हिसावर शहरांची नावं लिहिलेली असतात, बाकी मुलूख बंद.

दादीचा भाऊ वारला तेव्हा तिने जायची तयारी केली होती. कागदपत्रं पूर्ण होईपर्यंत जनाजा तर सोडाच, चाळीसवाही होऊन गेला. मग ती गेलीच नाही. भावाची पत्रं मात्र तिने पत्र्याच्या डब्यात शेवटपर्यंत जपली.

मे २०२५ मध्ये भारताने पाकिस्तानातून येणारं टपालही बंद केलं. दहशतवादाचं दुःख खरं आहे, राज्यकर्त्यांची कारणंही असतील. पण १९३२ साली एका छोट्या विमानाने सात-आठ तासांत आणलेलं कराचीचं पत्र आज परळला येऊ शकत नाही. किलोमीटर तेवढेच आहेत. वाढलं ते दुसरंच अंतर, आणि ते आपण माणसांनीच वाढवलं आहे.