चिनी महालातली निळाई

इंदापूरला आमच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर लोणच्याची बरणी असायची. अम्मी तिला 'चिनी बरणी' म्हणायची. ती चीनहून आलेली नाही, हे मला फार उशिरा कळलं. थोडं फसल्यासारखंही वाटलं.

अशी फसगत राजेलोकांनीही हौसेनं करून घेतली आहे. फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या दरबारात नानकिंगच्या चिनी मातीच्या मनोऱ्याची वर्णनं पोचली होती. १६७० मध्ये त्यानं व्हर्सायच्या परिसरात एक विलासगृह बांधायला घेतलं आणि त्याला नाव मिळालं 'चिनी मातीचं त्रियानों'. बाहेर निळ्या-पांढऱ्या फरशा, आतलं सामानही त्याच रंगात रंगवलेलं. पण खरी चिनी माती घडवणं तेव्हा युरोपात कुणालाच साधलं नव्हतं. फरशा साध्या भाजक्या मातीच्या होत्या, वर कथलाची पांढरी झिलई.

ही झिलई तरी कुठली? नवव्या शतकात इराकमधले कुंभार चिनी भांड्यांसारखी पांढरी भांडी करायला धडपडत होते. त्या धडपडीतून ती निघाली आणि स्पेन, इटली करत फ्रान्सला पोचली. म्हणजे नकलेलाही आठशे वर्षांची परंपरा!

थंडी-पावसात त्या फरशा टिकल्या नाहीत. १६८७ मध्ये लुईनं ती वास्तू पाडून टाकली.

त्याच वर्षी इकडे गोवळकोंडा पडला. औरंगजेबानं अबुल हसन तानाशहाला दौलताबादच्या किल्ल्यात कैदेत ठेवलं, ते मरेपर्यंत. कैदखान्याचं नाव चिनी महाल! फारसीत चिनी मातीच्या भांड्यांना 'चिनी' म्हणतात. महालाच्या भिंतीवर तशाच निळ्या झिलईच्या फरशा होत्या, म्हणून हे नाव. मी गेलो तेव्हा त्या भिंतीसमोर बराच वेळ उभा राहिलो. कविता आणि कलावंतांवर जीव टाकणाऱ्या त्या सुलतानाला अखेरीस सोबत होती ती एवढ्याच निळाईची. ती चीनची की दख्खनची, हा प्रश्न त्याला पडला असेल का?

मोरोपंतांच्या बारामतीत मी कविता वाचतो, तेव्हा कुणीतरी आपुलकीनं विचारतं, "छान लिहिता हो मराठी! पण तुमची मूळ भाषा कोणती?" पूर्वी मी गप्प व्हायचो. हल्ली अम्मीच्या बरणीची गोष्ट सांगतो. चीन तिनं कधी पाहिला नव्हता. लोणचं मात्र वर्षभर टिकायचं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)