मेहताजी ते सेक्रेटरी

हल्ली ज्या त्या सोसायटीत एकच चर्चा असते. कारभार एजन्सीकडे असावा, की राहणाऱ्यांनी तो स्वतः पाहावा? पुष्कळांना वाटतं की स्वतः कारभार पाहणं हे पैसे वाचवण्यासाठी काढलेलं अलीकडचं खूळ आहे. पण आपल्या मुंबईत या प्रथेला शंभराहून जास्त वर्षं झाली आहेत.

त्याआधी काय होतं? घरमालक आणि त्याचा मेहताजी. महिन्याच्या सुरुवातीला मेहताजी वही घेऊन दारात उभा राहायचा, भाडं घ्यायचा, पावती द्यायचा. जिन्याची पायरी तुटली, नळाला पाणी नाही, ही गाऱ्हाणी त्याच्याच कानावर घालायची. पुढे काय व्हायचं ते मालकाच्या मर्जीवर. एकूण भाडं किती जमलं आणि इमारतीवर किती खर्च झालं, हे विचारायची सोय भाडेकरूला नव्हती. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. दाटीवाटीच्या, अंधाऱ्या खोल्यांचा प्रश्न ऐरणीवर आला आणि १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. नवे रस्ते झाले, वस्त्या पाडल्या गेल्या, पण मध्यमवर्गीय कारकुनाला परवडणारं घर काही सहज मिळेना.

सहकाराचा पहिला कायदा १९०४ चा, पण तो फक्त पतपेढ्यांपुरता. १९१२ च्या कायद्याने इतर प्रकारच्या सहकारी संस्थांना वाट मोकळी झाली. मग १९१५ साली गावदेवीला सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी नोंदली गेली. रावबहादूर श्रीपाद सुब्बराव तालमकी हे तिच्यामागचे मुख्य गृहस्थ. ताडदेवची तालमकी वाडी त्यांच्याच नावाची. घरात राहणारे आणि घराचा कारभार पाहणारे एकच, ही कल्पना त्यांनी इथे रुजवली.

मात्र एक गोष्ट विसरून चालणार नाही. ही एकाच ज्ञातीची वसाहत होती. सगळे एकमेकांच्या नात्यातले किंवा ओळखीतले. हिशेबात चूक झाली तर लग्नकार्यात तोंड दाखवायला जागा राहणार नाही, ही भीती कुठल्याही नियमापेक्षा मोठी होती. विश्वास आयता मिळालेला होता. त्यात परक्याला जागा नव्हती, हीच त्याची मर्यादा.

पुढे चित्र पालटलं. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली आणि मालकांना भाड्यासाठी इमारती बांधणं परवडेना. ओनरशिप फ्लॅट आले, त्यांच्याबरोबर बिल्डर आले. एका जिन्यावर मराठी, गुजराती, तमिळ, सिंधी कुटुंबं राहायला लागली. आता नात्याची भीती कुठून आणायची? ती जागा कायद्याने घेतली. १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा आणि १९६३ चा ओनरशिप फ्लॅटचा कायदा, या दोहोंवर आपल्या सोसायट्या उभ्या आहेत. बिल्डरने संस्था नोंदवावी, जमीन-इमारतीचं अभिहस्तांतरण तिच्या नावे करावं, असं बंधन घातलं गेलं. अनेकांनी ते पाळलं नाही, म्हणून २००८ मध्ये मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद करावी लागली.

ओळख नसलेल्या माणसांनी एकत्र कारभार करायचा तो उपविधींच्या आधारे. दरवर्षी ३० सप्टेंबरच्या आत सर्वसाधारण सभा, हिशेबांची तपासणी, सभासदाला कागद पाहण्याचा हक्क. वाचायला रुक्ष वाटतात, पण सारस्वतांना जे नात्याने मिळालं, ते इतरांना या कलमांनी दिलं.

आमच्या इमारतीत हे मी डोळ्यांनी पाहिलं. सुरुवातीची काही वर्षं कारभार बिल्डरने नेमलेल्या एजन्सीकडे होता. वर्गणी चौरस फुटावर आकारली जायची. सोसायटी नोंदली गेली, कारभार आमच्याकडे आला आणि पहिल्याच सभेत वादाला तोंड फुटलं. उपविधींप्रमाणे वॉचमन, झाडलोट, जिन्यातले दिवे असा सेवाखर्च सर्व घरांना सारखा. म्हणजे मोठ्या फ्लॅटचं बिल उतरलं आणि एका खोलीवाल्यांचं चढलं. तळमजल्यावरचे एक निवृत्त गिरणी कामगार उठले आणि म्हणाले, "माझी खोली एवढीशी, मग पैसे सारखे का?" सेक्रेटरींनी कलम वाचून दाखवलं. वॉचमन लहान घराची राखण कमी करत नाही, आणि सिंकिंग फंड बांधकामाच्या किमतीवर असल्याने तिथे लहान घराला कमीच पडतो, हेही समजावलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग विचारलं, "म्हणजे सभेत माझं मतही सारखंच ना?"

सारखंच. एक सभासद, एक मत. फ्लॅट एका खोलीचा असो की चार खोल्यांचा. त्यानंतर एकही सभा त्यांनी चुकवली नाही. एजन्सीच्या काळात त्यांना वर्गणी कमी पडत होती, पण हा प्रश्न विचारायला सभाच नव्हती.

आता जुनी मंडळी थकली आहेत, तरुणांना वेळ नाही. म्हणून पुन्हा एजन्सी नेमण्याची भाषा होते. माझा त्याला विरोध नाही. पंपाची देखभाल, बिलं काढणं, हिशेब लिहिणं ही कामं पैसे देऊन खुशाल करून घ्यावीत. पण चेकवरची सही, कोटेशन उघडणं आणि वर्षातून एकदा सर्वांसमोर उभं राहून हिशेब देणं, हे आपल्याकडेच राहावं. तेवढंही सोडलं तर दारात पुन्हा मेहताजीच उभा राहील, फक्त हातात वहीऐवजी मोबाईल असेल.

असो. तुमच्या सोसायटीत काय पद्धत आहे, ते जरूर कळवा.