डोळ्यांकरितां परमुलुख

१९४८ च्या सप्टेंबरपर्यंत नांदेड, लातूर हीं गांवें निजामाच्या राज्यांत मोडत. तेथील गृहस्थाच्या खिशांत हाली शिक्का असे. मुंबईस जावयाचें तर कलदार रुपये बदलून घ्यावे लागत. डोळ्यावर शस्त्रक्रिया करविण्यासाठीं विलायतेस जाण्याचा बेत ही राजेरजवाड्यांची गोष्ट. सामान्यांना मुंबई हाच परमुलुख होता.

तरी विलायतेची ओढ निष्कारण नव्हती. मोतीबिंदूवर सुईचा उपाय सुश्रुतसंहितेंत वर्णिला आहे खरा. पण त्यांत गढूळ झालेलें भिंग जागचें ढळवून आंत लोटलें जाई, बाहेर निघत नसे, आणि पुष्कळदां डोळाच चिघळे. भिंग बाहेर काढण्याची रीत अठराव्या शतकांत फ्रान्समध्यें जाक दाव्हिएल यानें रूढ केली. येथें एका मराठी राजाचें नांव घेतलेंच पाहिजे. तंजावरचे सरफोजी भोसले (१७७७–१८३२) यांनीं विलायती विद्याच आपल्या दारीं आणली. त्यांच्या धन्वंतरी महालांत देशी व युरोपीय वैद्यक शेजारीं शेजारीं नांदलें, आणि नेत्ररोग्यांचीं टिपणें डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह राखलीं गेलीं. इतर किती संस्थानिकांना हें सुचलें?

भिंग काढल्यावर मात्र रोगी जाड चष्म्याच्या स्वाधीन होई. वस्तु मोठ्या दिसत, बाजूचें दिसत नसे, पायरीचा अंदाज चुके. चष्मा फुटला कीं पुन्हां अंधार. यावर तोड लंडनांत निघाली. महायुद्धांत विमानाच्या छत्राचे प्लास्टिकचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत शिरले, तरी डोळा त्यांवर चिडत नाहीं, हें हॅरल्ड रिडली यांनीं हेरलें. आणि २९ नोव्हेंबर १९४९ रोजीं सेंट टॉमस रुग्णालयांत त्यांनीं एका रोग्याच्या डोळ्यांत कृत्रिम भिंग बसविलें. पुढें कित्येक वर्षें हें भिंग परदेशांतूनच येई, व त्याची किंमत शेतकऱ्याच्या आवांक्याबाहेरची असे. १९९२ सालीं मदुरेच्या अरविंद नेत्र रुग्णालयानें ऑरोलॅब ही संस्था काढून भिंगें तेथेंच घडविण्यास आरंभ केला, आणि किंमत झपाट्यानें उतरली. या इतिहासांत सर्जनांचीं नांवें गाजतात. कारखान्याचें श्रेय त्यांहून तिळभरही कमी नाहीं.

त्याच दशकांत लातूर जिल्ह्याच्या रेणापूर तालुक्यांतील माकेगांवचे डॉक्टर तात्याराव लहाने मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत नेत्रशस्त्रक्रिया करूं लागले. त्यांचीं मूत्रपिंडें निकामी झालीं, तेव्हां १९९५ सालीं त्यांच्या आईनें आपलें एक मूत्रपिंड दिलें. त्यानंतर त्यांच्या हातून मोतीबिंदूच्या लाखाहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. २००८ सालीं पद्मश्री मिळाली. दृष्टिपटलाच्या एखाद्या अवघड दुखण्यांत आजही परदेशाचा विचार निघतो. मोतीबिंदूसाठीं मराठवाड्यांत तो कोणी करीत नाहीं. बाबा आमटे यांच्या आनंदवनांत तर शस्त्रक्रियांचीं शिबिरें भरलीं, आणि ज्यांना गांवानें वेशीबाहेर ठेवलें होतें अशा कुष्ठरोग्यांच्या डोळ्यांवर तेथें मुंबईचे सर्जन जाऊन शस्त्रक्रिया करूं लागले.